आबांची मोटरसायकल आणि ती कोरी कॅसेट

परवा भरदुपारी मलकापूरला निघाले होते, आबांच्या मोटरसायकलवर. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन वर्षं झाली, गाडी आता मीच चालवते.

हँडलपुढच्या डब्यात त्यांनी हौसेनं कारचा जुना रेडिओ-टेप बसवलाय. त्यावर मोबाईलची गाणी लागावीत म्हणून गेल्या आठवड्यात मुश्ताकचाचांच्या रिपेअरिंगच्या दुकानात गेले. चाचांनी टेपच्या लाइनवरच मोबाईल जोडायची ऑक्सची वायर सोल्डर केली.

म्हणाले, "टेप फिरल्याबिगर आवाज यायचा न्हाय. कोरी कॅसेट घालून ठेव. आन् हेडची वायर तोडतो बघ, न्हायतर कॅसेटमधलंबी ऐकू येईल."

मी तोडू दिली नाही. आबांच्या वस्तूला कात्री लावायला मन होईना... आणि कोऱ्या कॅसेटमधून ऐकू येणार तरी काय?

आबा प्रत्येक कॅसेटवर नाव लिहायचे. एकीवर काहीच नव्हतं, म्हणजे कोरी. तीच घातली.

मलकापूरच्या अलीकडे रस्ता रिकामा होता. दोन गाण्यांच्या मधे खरखर झाली आणि आबांचा आवाज आला...

"कुठवर आलीस?"

अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला सांगू, मी मोठ्यानं म्हणाले, "मलकापूर आलंच, आबा."

"दमानं ये. मी हाय हितंच."

गाडी कडेला घेतली. आमच्याकडे आबांचा एक व्हिडिओसुद्धा नाही. त्यांचा आवाज मला आठवेनासा झालाय, हे मी घरी कुणाला सांगितलंही नव्हतं.

मोबाईलची पिन काढून कॅसेट मागे घेतली. आता दोन वाक्यांच्या मधे, लांबून, एका लहान पोरीचा आवाज... "आले, आले!"

ती मीच. आबांनी नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तो घेऊन आम्ही शेतात गेलो होतो, मी बांधावरून मागनं येत होते. उलगडा झाला, पण अंगावरचा काटा काही जाईना.

घरी आल्यावर अंगणातच आईला ऐकवलं. वाटलं, रडेल. रडली नाही. "कुठवर आलीस?" ऐकून पदर सावरला आणि अगदी हळू म्हणाली, "येते की... पोरीचं तेवढं मार्गी लागू दे."

आणि टेपमधून आबा म्हणाले, "दमानं ये. मी हाय हितंच."

वायर तोडू दिली नाही, फार बरं झालं. आता रोज गाडी सुरू करताना आबांना एकच सांगते... आईला दमानंच येऊ द्या.