करंगळीची हजेरी

आमच्या आत्याला तिच्या संस्थेत सगळे ओळंबाबाई म्हणतात. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की तिरकी ते सांगणारं. आत्या तशीच आहे. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करते आणि मग विचारते, काय, बरे आहात ना. एकदा तिला एक स्थळ आलं होतं. पहिल्याच भेटीत तिने त्या गृहस्थाला सांगितलं, जरा सरळ बसा. पुढे ते स्थळ फिरकलं नाही. आई हे अजून ऐकवते, आणि आत्या दर वेळी तेवढंच म्हणते, "वहिनी, तो सरळ बसला असता तर मी हो म्हणणार होते."

एकोणिसाव्या वर्षी ती बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहायची. दुपारी गवंडी आडवे झाले की एखाद्या कोपऱ्यात गुपचूप चार फरश्या बसवून ठेवायची. एक म्हातारा मिस्त्री उठल्यावर त्या उचकटून टाकायचा. असे तीन महिने गेले. मग एके दिवशी त्याने उचकटल्या नाहीत. फरश्यांमधल्या सांध्यांवरून डाव्या हाताची करंगळी फिरवली आणि म्हणाला, उद्यापासून घमेलं ठेव, थापी घे. त्याच्याकडून ती दोन गोष्टी शिकली: थापी उजव्या हातात धरायची आणि सांधा डाव्या करंगळीने बघायचा. मिस्त्री गेला. करंगळी राहिली.

गेली बावीस वर्षं आत्या एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत फरशी बसवायला शिकवते. मोटार गॅरेजच्या मागे दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड, एवढीच संस्था. शेडमध्ये विटांच्या अर्धवट भिंती उभ्या आहेत. पोरं आठवडाभर त्यांवर फरश्या लावतात, शनिवारी सगळं फोडतात, फरश्या घासून धुतात, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. सहा महिन्यांनी परीक्षा, मग सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र. ते असलं की कुठलाही कंत्राटदार दारात उभं करतो, नसलं की घमेलं आहेच.

आता हा शिक्का संस्थेला आपोआप मिळत नाही. वरच्या मंडळाची मान्यता लागते, तिच्यावरच अनुदान येतं आणि दर तीन वर्षांनी तपासणी होते. यंदा मंडळाने हजेरीचं यंत्र पाठवलं. बोट ठेवायचं, यंत्राने ओळखलं तर हजर. नियम असा की वर्गातल्या वीस जणांपैकी निदान सोळांची हजेरी यंत्रात ऐंशी टक्के दिसली पाहिजे. नाही दिसली तर तो वर्ग रद्द, कुणालाच परीक्षा नाही, आणि मान्यतेचाही खेळ खलास.

यंत्राच्या आत एक बाई बसलेली आहे. तिचा आवाज मी घरी इतका हुबेहूब काढते की बाबांनी मला जेवताना बंदी घातली आहे. नाकातून, गोड, आणि शेवटी किंचित दुखावलेली: "कृपया पुन्हा प्रयत्न करा." पंधरा दिवसांत शेडमध्ये तिच्याशिवाय दुसरं कुणी बोलेना. सिमेंटने पोरांचे अंगठे झिजले होते, आणि झिजलेला अंगठा यंत्राला दिसत नाही.

तेव्हा सगळ्यांनी बसून डोकं लढवलं. संस्थेचे संचालक, म्हणजे घाम पुसत "घाबरायचं काहीएक कारण नाही" म्हणणारे गृहस्थ, त्यांनी विचारलं, असं कुठलं बोट आहे जे कामच करत नाही? लिपिक म्हणाले, डाव्या हाताची करंगळी. हे लिपिक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. दिसेल त्या कागदाला टाचणी टोचतात म्हणून आम्ही त्यांना टाचणीकाका म्हणतो. सगळ्यांना ते एकदम पटलं. आत्यालासुद्धा पटलं, हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगून ठेवते. वीसच्या वीस डाव्या करंगळ्या यंत्रात गेल्या आणि यंत्रातली बाई गप्प बसली.

महिनाभराने ती पुन्हा बोलायला लागली. आधी दोघांना, मग पाचांना, मग नऊ जणांना. संचालकांनी धुळीला दोष दिला, टाचणीकाकांनी विजेला. काकांनी वहीत हाताने हजेरी लिहायला घेतली, की पुढेमागे वर कळवून टाकू. तशात मंडळाचं परिपत्रक आलं: हाताने लिहिलेली हजेरी धरली जाणार नाही. आणि खाली तपासणीची तारीख, दहा दिवसांनंतरची.

त्या संध्याकाळी आत्या घरी आली आणि घड्याळाकडे बघितलंच नाही. आईने चहा पुढे केला तो तसाच गार झाला. यंत्राप्रमाणे वर्गात अकराच जण येत होते. जे नऊ जण गैरहजर दिसत होते ते तिचे सगळ्यात चांगले हात होते: शनिवारी फोडायला थांबणारे, पावणेआठला येऊन सिमेंटचा माल कालवणारे. त्यांत एक दोन लेकरांची आई होती. तिने कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडून हा वर्ग धरला होता आणि आत्याला रोज विचारायची, बाई, होईल ना हो परीक्षा? उलट शंभर टक्के हजेरी एकट्याचीच होती; हातांना कधी सिमेंट लागलं नाही म्हणून सगळे त्याला गुळगुळीत म्हणायचे. हा मुलगा सकाळी बोट टेकवायचा आणि दिवसभर गॅरेजच्या कट्ट्यावर बसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आई म्हणाली. आत्याने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. घाबरायचं काहीएक कारण नाही, ते म्हणाले, शेजारी शिवणवर्गात मऊ हातांच्या नऊ मुली आहेत. त्यांची बोटं आपल्या नऊ नावांपुढे चढवायची, राहिलेले दिवस त्यांनी सकाळी येऊन जायचं, मागचं काय ते यंत्र बिघडलं होतं म्हणून निभावून नेऊ. बाईंनी फक्त एक सही करायची.

आत्याने विचार करते म्हणून सांगितलं. खरंच दोन दिवस केला. त्या दोन दिवसांत तिने भाजीत दोनदा मीठ घातलं, एकदा घातलंच नाही आणि आम्ही दोन्ही वेळा मुकाट जेवलो. तिसऱ्या दिवशी निघताना चप्पल घालता घालता बाबांना म्हणाली, "दादा, एक वाकडी फरशी लपवायची तर पुढच्या सगळ्या तिच्याप्रमाणे वाकड्या लावाव्या लागतात. मला नाही जमायचं. पण मी नाही म्हटलं आणि पोरांचं वर्ष गेलं तर?" बाबांनी तिची पिशवी तिच्या हातात दिली. ती नाही म्हणून आली. संचालकांनी घाम पुसला आणि पहिल्यांदाच ते वाक्य म्हटलं नाही. तेव्हा ती खरी घाबरली.

सगळ्यांच्या उपयोगी शेवटी टाचणीच आली. काकांनी आठ वर्षांची परिपत्रकं एकाखाली एक टोचून ठेवली होती. त्यांत एका कागदावर अकरावं कलम सापडलं: हजेरीबद्दल शंका असल्यास तपासनिसाला प्रत्यक्ष चाचणी घेता येईल. घेता येईल, म्हणजे घेतलीच पाहिजे असं नाही. आत्याने ते वाक्य माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं, जणू पाचव्या वेळी ते बदलणार होतं.

तपासणीच्या दिवसाचं मला आत्याने सांगितलं, काकांनी सांगितलं आणि त्या दोन लेकरांच्या आईनेही सांगितलं. तिघांचं जुळतं, म्हणून लिहिते.

तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. उंच, चेहऱ्यावर काही नाही, हातात बोर्डाला लावलेले कागद. काहीही सांगा, त्या एकच शब्द म्हणायच्या: "नोंदवते." संचालक म्हणाले, आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची सोय आहे. नोंदवते. पंखा कालच लावलाय. नोंदवते. काका म्हणतात, त्या शब्दाने मला खोकलासुद्धा काढवेना, म्हटलं तोही नोंदवतील. मग त्यांनी यंत्राची यादी काढली. नऊ नावांवर पेन ठेवत गेल्या आणि दहाव्या नावाशी थांबल्या. ते आत्याचं होतं. शिकवणाऱ्यांचंही बोट यंत्रात असतं, आणि तिचं ते यंत्राने कधी धड ओळखलंच नव्हतं. आपलं नाव कुणी बघेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्राच्या मते आत्या एकाहत्तर दिवस कामावर नव्हती.

"मग यांना शिकवलं कुणी?" तपासनीस बाईंनी विचारलं.

बावीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने अकरावं कलम पुढे केलं. काकांनी त्या ओळीखाली बोट धरलं. बाईंनी वाचलं, घड्याळ बघितलं आणि नऊ जणांना एकेक भिंत दिली. यादीतला गुळगुळीतचा शंभराचा आकडा बघून म्हणाल्या, आणि हाही. तासाभरात प्रत्येकी बारा फरश्या.

तो तास आत्या शेडच्या दारात उभी होती. आत यायला परवानगी नव्हती. वीस मिनिटांत गुळगुळीतची वरची ओळ आरामात खाली उतरायला लागली. तो एक फरशी वर ढकलायचा, शेजारची दोन घसरायच्या. कुणी हसलं नाही, कारण दोन लेकरांच्या आईचाही माल पातळ झाला होता. तिने पहिल्या तीन फरश्या काढल्या, माल खरवडला आणि पुन्हा कालवायला बसली. आत्या दारातून तोंडातल्या तोंडात म्हणत होती, घाई नको, घाई नको. स्वतः मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

तास संपता संपता त्या आईची बारावी फरशी बसली. तिने सपाटी बघायची पट्टी लावली, बाजूला ठेवली आणि सांध्यांवरून डावी करंगळी फिरवायला लागली, एकेक ओळ, वरून खाली. तपासनीस बाई तिच्यामागे येऊन थांबल्या.

"पट्टी लावलीत ना? मग हे कशाला?"

"पट्टी दोन फरश्यांवर टेकते. मधल्या सांध्यातलं तिला काय कळणार? बाईंनी करंगळीने बघायला शिकवलंय. रोज शे-दोनशे सांधे होतात."

"दाखवा बघू बोट."

ते टोकाला काचेसारखं झालं होतं. तपासनीस बाईंनी मग दहाही जणांना डावे हात पुढे करायला सांगितले. ती रांग बघून काकांनी कपाळाला हात लावला. सांध्यावरून कधी बोट न फिरवलेल्या गुळगुळीतचा दहावा हात तेवढा रेषांसकट शाबूत होता. सगळ्यात शेवटी बाई दाराशी आल्या आणि आत्याने न सांगता आपली करंगळी पुढे केली. तिच्यावर बावीस वर्षांचे सांधे होते, रेघ एकही नव्हती.

"म्हणजे मीच," आत्या म्हणाली. "मीच पुसली सगळ्यांची."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. बिनकामाचं बोट म्हणून ज्याची निवड झाली, त्याच बोटाला आत्या सगळ्यात जास्त राबवत होती, आणि जो जेवढं मन लावून शिकला त्याची तेवढी गैरहजेरी लागत होती. करंगळी निवडताना एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, कारण सांधा बघणं याला त्यांच्यातलं कुणी काम समजतच नव्हतं. ते श्वास घेण्यासारखं झालं होतं.

तपासनीस बाई काय म्हणाल्या ते तुम्ही ओळखलंच असेल.

निकाल आठवड्याने आला. ते आठ दिवस आमच्या घरात फोन वाजला की आत्या उठून मोरीत जायची आणि आईने "नाही, दुसऱ्याचा आहे" म्हटल्यावर बाहेर यायची. चाचणीवरून नऊही जणांची हजेरी धरली, परीक्षा होणार. मान्यता मात्र सहाच महिन्यांची, तोवर संस्थेने हजेरीची दुसरी सोय करून दाखवायची. आणि प्रशिक्षिकेच्या एकाहत्तर दिवसांची चौकशी वेगळी, तिचं वरून कळवू.

ते अजून कळवलेलं नाही. मंडळाच्या सांगण्यावरून आत्याने दहाही बोटं यंत्रावर ठेवून पाहिली. दहा वेळा तीच गोड बाई. आता संस्थेत सगळ्यांना सांगितलंय की सांधा बोटाच्या पेराने बघायचा, टोकाने नाही, आणि आत्याने स्वतःच्या करंगळीला कापडाची पट्टी बांधली आहे, कातडी नवी येईपर्यंत. सकाळी घट्ट बांधून जाते. संध्याकाळी ती पट्टी तिच्या पिशवीत असते, गोळा होऊन, सिमेंट लागलेली. आई ती धुऊन सकाळसाठी वाळत घालते.

चौकशीचा कागद संस्थेतून वर पाठवायच्या आधी काकांनी तो टाचणी टोचायच्या निमित्ताने वाचला होता. शेऱ्याच्या रकान्यात तपासनीस बाईंनी हाताने लिहिलं होतं: बोट वाचता येत नाही. यांनी शिकवलेल्या नऊ भिंती पाहिल्या. मी तपासनीस बाईंच्या आवाजात ते आत्याला म्हणून दाखवलं, अगदी कोरडं, पेन टेकवून. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, परत म्हण. मग विचारलं, वरचे लोक शेरा वाचतात का गं, की नुसता आकडा बघतात?