नेडको आजोबांचं ऑनलाइन मरण

राडोस्वेता बाई शाळेत इतिहास शिकवायच्या, पण इतिहासापेक्षा जास्त शंका शिकवायच्या. "पुरावा कुठाय?" हा त्यांचा एकच मंत्र. नवऱ्यानं लग्नाचं विचारलं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या असणार, असं बल्गेरियातल्या अख्ख्या ड्रेनोवित्सा गावाचं मत होतं.

यंदा त्यांनी मुलांकडून गावातल्या बंद पडलेल्या बटण कारखान्याचं ऑनलाइन प्रदर्शन करून घ्यायचं ठरवलं. मुलं घरोघर हिंडली, जुन्या कामगारांना बोलतं केलं. नेडको आजोबांनी साचे दिले, बटणं दिली, फोटोही दिला, पण एका अटीवर.

"माझ्या प्लामेननं ते बघायला पाहिजे. स्पेनला जाऊन बसलाय, फोन उचलत नाही लेकाचा. तुमच्या इंटरनेटवर तरी बाप दिसू दे त्याला."

"दिसेल की," बाई बोलून गेल्या. पुराव्याशिवाय दिलेला त्यांचा हा पहिलाच शब्द.

प्रदर्शन लागलं. बघायला काळं कुत्रं आलं नाही. जे मोजके आले त्यात बाईच पुन्हा पुन्हा. नेडको रोज फाटकाशी अडवून विचारायचे, "पाहिलं का हो त्यानं?" शेवटी बाईंनी शाळेचा रस्ताच बदलला.

मग मिरेला नावाच्या विद्यार्थिनीनं सुचवलं, "बाई, गावात जाहिरात चिकटवू. एका पानावर एक कामगार." पान झकास झालं. वर मोठा फोटो, खाली नाव, जन्मसाल, पुढे एक रेघ, तळाशी प्रदर्शनाचा पत्ता, आणि भोवती जाड काळी चौकट. बाईंनी जन्मसाल दाखल्याशी ताडून पाहिलं. चौकटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. कशा काढणार? बल्गेरियात माणूस गेलं की अस्संच पान दारावर, खांबावर, बसथांब्यावर लागतं. चाळीस दिवसांनी पुन्हा लागतं, वर्षानं पुन्हा. भिंतीवर दुसरं काही पाहिलंय कुणी जन्मात? पोरांनी पहिलं पान नेडकोंच्याच दारावर डकवलं.

तासाभरात शेजारच्या त्सोन्का काकू मयताचे गोड गहू शिजवून, रडत रडत हजर. दार नेडकोंनी उघडलं.

"अगं बाई! तू?"

"मग कोण? माझंच घर ना हे?"

"पण तू तर गेलास!"

"कुठं?"

काकूंनी दाराकडे बोट केलं. नेडकोंनी चष्मा लावून स्वतःला शेवटपर्यंत वाचलं. "फोटो बरा आलाय," ते म्हणाले आणि ताट हातातून घेतलं. "साखर कमी घातलीस, त्सोन्का. मेलेल्याला काय कळतंय, असंच ना?"

तोवर कुणीतरी त्या पानाचा फोटो स्पेनला धाडला होता. प्रदर्शनावर ही झुंबड उडाली! जो तो मेणबत्तीचं चित्र टाकतोय. मुख्याध्यापकांनी बाईंचं आधी अभिनंदन केलं, मग सांत्वन केलं, मग त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

तिसऱ्या दिवशी प्लामेन काळा कोट घालून आला. बाई दारावरचं पान नखानं खरवडत होत्या. आजोबा बाकावर बसून उरलेले गहू खात होते. बापाला पाहून प्लामेननं असा गळा काढला की खऱ्या मयतालाही कुणी काढला नसेल.

नेडकोंनी त्याच्या हातातली फुलं मोजली. सम निघाली, मेलेल्याला देतात तशी. एक उपसून त्यांनी बाईंना दिलं. "घ्या. आता विषम झाली. आता मी जिवंत."

आठवडाभर बापलेक अंगणात घरची दारू, राकिया, पीत भांडले, हसले. मग प्लामेन गेला. फोन पुन्हा मुका झाला.

आणि एके दिवशी नेडको टोपी हातात घेऊन थेट वर्गातच आले. बाई फळ्यावर लिहीत होत्या: पुराव्याशिवाय काहीही लावायचं नाही.

"बाई, ते चाळीस दिवसांचं पान कधी लावताय?"

पोरं फिदीफिदी हसली. नेडको हसले नाहीत.

"अहो आजोबा, तुम्ही जिवंत आहात हे तो डोळ्यांनी बघून गेलाय."

"तेव्हा होतो. आता आहे की नाही, त्याला काय ठाऊक? फोन थोडाच करतो?"

बाईंनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी फळा पुसला.

"मिरेला," त्या म्हणाल्या, "आजोबांचा नवा फोटो काढ."