तिचं नाव मीच पुकारलं होतं

मंडळी, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी पट्टेवाला आहे. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे माझं काम.

आज सकाळी एका सुवर्णाचं नाव तीनदा पुकारलं. यादी लांब होती म्हणून नवऱ्याचं नाव न घेता नुसतं नाव-आडनाव घेतलं; आडनाव तर इथं निम्म्या तालुक्याचं. कुणीच उठलं नाही. तिचे वकीलही दुसऱ्या कोर्टात होते. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध तिचा अर्ज होता. मागच्या दोन तारखांनाही ती गैरहजर, म्हणून साहेबांनी तो काढून टाकला.

चार वाजता समोरच्या बाकड्यावरची बाई माझ्याकडे आली. सकाळपासून ती तिथंच बसलेली.

"भाऊ, आमचा पुकारा कवा? उद्या ऊसतोडीला परत जायचंय. टोळी थांबत न्हाई."

"नाव काय?"

"चंद्रकला."

यादीत ते नव्हतंच. तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. त्यावर सकाळी पुकारलेलंच नाव होतं.

"ताई, सुवर्णा म्हणजे तुम्हीच?"

"ते सासरच्यांनी लग्नात ठिवलेलं. त्या नावानं कुणी हाक मारलीच न्हाई. 'ए' म्हणायचे."

अर्ज गेल्याचं मी सांगितलं. वकील पुन्हा अर्ज करतील, असंही म्हणालो. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"तुमी पुकारलं व्हतं ना भाऊ? मग चूक माझीच."

ती एसटी स्टँडकडं गेली. बाकडं दारापासून दहा पावलांवर आहे. मी एकदा जाऊन विचारलं का नाही?

तुमच्या घरातल्या बायांना त्यांचं कागदावरचं नाव माहीत आहे का?