अक्काचं तिसरं कडवं

शाळेत होते, लोहाऱ्याहून फोन आला, अक्का गेली. महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती, म्हणजे अचानक असं काही नव्हतं, तरी हातातला खडू खाली ठेवायचं सुचलं नाही. दोन दिवसांनी पेपरात चौकट आली, ‘गोड गळ्याची गायिका हरपली’. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. गोड गळा! माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात गोडवा होता, पण तो काय कोणाचं जेवण पचावं म्हणून नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात अक्का खडी फोडायला जायची. तिथल्या बायांबरोबर गाता गाताच ती गाणी रचायला लागली. पुढं जयंतीला, लग्नात, वस्तीवस्तीत तिला बोलावणी यायला लागली. दाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, साखर कारखान्याच्या लोकांनी चालवलेल्या सोसायटीच्या गाळ्यात. घरच्या पुढच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. दोन माइक, एक मिक्सर, टेप आणि सोलापूरहून आणलेले दोन मोठे स्पीकर. त्या स्पीकरांवर दाजींचा फार जीव. अक्काचं पाण्याचं गाणं त्यांनी त्याच खोलीत भरलं आणि कॅसेटी गावोगाव गेल्या. त्यातलं तिसरं कडवं असं...

त्यांच्या उसाला गं बारा महिने पाट,
आमच्या हंड्याला गं टँकरची वाट.

एकदा एसटी स्टँडवर एका बाईनं अक्काला थांबवलं. “बाई, गाणं लई चांगलं हाय, पण मधी काय म्हणता ते कळंना बगा. निस्ती ढोलकीच वाजती.” अक्का घरी आली ती थेट दाजींसमोर उभी राहिली. “मला दुसरी जोडी पायजे स्पीकरची. बारकी.” दाजी हसले. “हे एवढे भारी असताना डबडी कशाला?” “लोकांच्या घरात डबडीच हायती, म्हणून.” दाजींनी आज-उद्या केलं, तेव्हा तिनं स्वतःच दुकानातल्या मोडक्या टेपरेकॉर्डरचे दोन स्पीकर काढून आणले, सुताराकडून खोकी करून घेतली आणि “जोडा” म्हणाली. मी सुट्टीला तिथंच होते. दाजींनी वायरी जोडल्या, मध्ये एक बटण बसवलं. इकडं दाबलं की मोठे, तिकडं दाबलं की बारके.

आधी मोठ्यांवर लावलं. सगळं स्वच्छ, तिसरं कडवंसुद्धा. मग बारक्यांवर. पहिलं कडवं ऐकू आलं, दुसरं आलं, आणि तिसऱ्याला ढोलकी अशी उसळली की अक्काचा आवाज बुडालाच. चौथ्याला ढोलकी पुन्हा आपली गुमान खाली.

अक्कानं टेप थांबवली. “हे आपोआप झालं व्हय?”

दाजी वायर गुंडाळत बसले. मग हळूच म्हणाले, “कारखान्याच्या अध्यक्षांनी बोलावलं होतं. कडवं काढा म्हणले. तू काढू दिलं नसतंस... म्या काढलं न्हाय. निस्ती ढोलकी वर घेतली, मोठ्यांवर तुला कळणार न्हाय एवढीच. गाळा त्यांच्या हातात हाय, कळत न्हाय का तुला?”

“काढलं असतं तर बरं झालं असतं,” अक्का म्हणाली. “निदान मला दिसलं असतं. तुमी माझं तोंड दाबलं, अन् म्या आपली वस्तीवस्तीत कॅसेट वाटत फिरले!”

दुसऱ्या दिवशी तिनं वस्तीतल्या बाया गोळा केल्या, ढोलकीवाल्याला सुट्टी दिली आणि नुसत्या टाळ्यांवर गाणं पुन्हा भरायला लावलं. दर कडव्याला बारक्या स्पीकरांवर ऐकून मगच पुढं. ती कॅसेट गेली, आणि पावसाळ्याच्या आत गाळाही गेला. दाजी घरातच रेडिओ दुरुस्त करायला लागले. अक्का त्यांना कधी टाकून बोलली नाही. मला ते जमलं नाही, आजही जमत नाही.

शोकसभा त्याच अध्यक्षांनी भरवली. मोठा हार, मोठा फोटो. “अक्कांनी आपल्या मधुर आवाजानं तालुक्याचं नाव केलं,” म्हणाले आणि गाणं लावायला सांगितलं. भोंग्यावर लावली ती जुनी कॅसेट. ढोलकीवाली! तिसऱ्या कडव्याला ढोलकी उसळली, लोक माना डोलवायला लागले. मी उठणार तेवढ्यात दाजी उठले, स्टेजवर गेले आणि टेप बंद केली.

“ही ढोलकी म्या वर घेतली होती,” ते माइकवर म्हणाले. “ह्या साहेबांच्या सांगण्यावरनं. खाली अक्काचे शब्द हायती.” मग त्यांनी ते कडवं म्हटलं. त्यांना सूर नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हटलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. कोणी टाळी वाजवली नाही.

परवा लोहाऱ्याला गेले होते. दाजी आता कॅसेट मागायला येणाऱ्या प्रत्येकाला खोलीत बसवतात, बारक्यांवर तिसरं कडवं ऐकवतात आणि मगच कॅसेट हातात देतात. वस्तीतली एक म्हातारी आली होती, रिकामा हंडा दाराशी ठेवून. दाजींनी विचारलं, “मावशी, शब्द कळतेत का?”

“कळतेत की,” ती म्हणाली. “सकाळधरनं त्याच टँकरची वाट बघायलेय.”