एका हाताने न निघणारं पिस्तूल

त्या प्रकरणाची आठवण अजून ताजी आहे, आणि ती शिळी व्हावी असं मला वाटतही नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आमचा निवृत्तांचा कंपू जमतो. त्यातले एक गृहस्थ मोबाइलसाठी कमरेला चामडी पाकीट लावून येतात. पाकीट नवं आहे, घट्ट आहे. फोन वाजला की ते दोन्ही हातांनी कमरेशी झटापट करतात, आणि फोन बाहेर येईपर्यंत पलीकडच्याने नाद सोडलेला असतो. बाकीचे हसतात. मला मात्र एक उपनिरीक्षक मुलगी आठवते. तिची नोकरी अशाच एका पाकिटावर टांगलेली होती.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. आमच्या वरिष्ठांना टापटिपीची आवड होती. कुठल्याही अधिकाऱ्याला ती असावी, पण त्यांची आवड कामापेक्षा कामाच्या फोटोत जास्त रमायची. त्यांनी सगळ्या अधिकाऱ्यांसाठी पिस्तुलाची नवी चामडी होल्स्टर बनवून घेतली. वाटपाचा कार्यक्रम झाला. रांगोळी होती, नारळ होता, फोटोग्राफर होता. भाषणात साहेबांनी होल्स्टरला 'गणवेशाचा दागिना' म्हटलं. तपकिरी, चकचकीत, वास येणारं चामडं होतं. दिसायला देखणं होतं, यात वाद नाही.

अडचण एकच होती. कारागिराने चामडं पिस्तुलाच्या अंगाबरोबर कापलं होतं, सुताइतकीही जागा सोडली नव्हती. पिस्तूल आत जायला कुरकुर करायचं आणि एकदा गेलं की बाहेर येईना. बटणाची पट्टी सोडायची, डाव्या हाताने होल्स्टर खाली दाबून धरायचं, उजव्याने पिस्तूल पिळत पिळत ओढायचं. तेवढ्या वेळात गुन्हेगार रिक्षा करून पंचवटी गाठेल.

नवं होल्स्टर वळणावर आणायची रीत पोलिसांना ठाऊक असते. पिस्तूल रिकामं करायचं, मॅगझीन वेगळं ठेवायचं, पिस्तुलाला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळायची आणि होल्स्टरमध्ये दाबून ठेवायचं. काही दिवस असं केलं की चामडं ऐकतं. तेल लावायचं नाही. तेलाने ते लोळागोळा होतं आणि पळताना पिस्तूल रस्त्यावर पडतं. पण साहेबांनी आदेश काढला, की तपासणी होईपर्यंत होल्स्टरवर कोणतीही प्रक्रिया करू नये, आकार आणि चमक जशीच्या तशी राहिली पाहिजे. आम्ही जुन्या लोकांनी आदेश वाचला, सही केली आणि घरी जाऊन दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या. मीही घातल्या.

आदेश पाळला फक्त एकीने. ती बागलाणातली, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. आमच्याकडे उपनिरीक्षक म्हणून आली होती आणि अजून परिवीक्षेत होती. म्हणजे एक वाईट शेरा पडला की सेवेत कायम होणं विसरायचं. घरात सरकारी नोकरीत लागलेली ती पहिलीच.

लग्नाचा हंगाम होता. गंगापूर रोडकडच्या एका लॉन्समध्ये दुपारी हळदीचा कार्यक्रम होता आणि डीजे असा लावला होता, की बाजूच्या लहानशा हॉस्पिटलमधून ठाण्यात फोनवर फोन येत होते. ती एका हवालदाराला घेऊन गेली. वराचे वडील म्हणजे त्या भागातलं वजनदार प्रस्थ. बाचाबाची झाली. तिने डीजे बंद करवला आणि परत आली.

संध्याकाळी पन्नासेक माणसं ठाण्यात आली. पुढे वराचे वडील, शेजारी त्यांचा पुतण्या, हाताला कच्चं प्लास्टर. तक्रार अशी, की मॅडमनी डाव्या हाताने त्याची कॉलर धरली, उजव्या हाताने पिस्तूल काढून छातीला लावलं, त्याला मागे ढकललं आणि तो पडून मनगट मोडलं. पाच साक्षीदार तयार होते. पाचही जणांचे जबाब इतके सारखे, की पाठांतर करून घेणाऱ्याचं कौतुक वाटावं. लॉन्सचे कॅमेरे त्या दिवशी बंद होते. असे कॅमेरे नेमके कधी बंद पडतात, यावर कोणीतरी संशोधन करायला हवं.

तक्रारीत हत्याराचा उल्लेख होता, म्हणून मी नेहमीच्या पद्धतीने तिचं पिस्तूल, काडतुसं आणि होल्स्टर लगेच जमा करून घेतलं. पंचनामा केला आणि प्रत्येक वस्तू वेगळी सीलबंद केली. दोन पंचांपैकी एक मुद्दाम त्या घोळक्यातलाच घेतला. उद्या कोणी वस्तू बदलल्याचं म्हणायला नको.

मग मी तिला विचारलं. ती उभीच राहिली.

"सर, काढलं असतं तर काढलं म्हणून सांगितलं असतं. पुढे जे होईल ते भोगलं असतं. पण काढलंच नाही."

हवालदार तेच सांगत होता. पण पोलिसाची साक्ष पोलिसाच्या बाजूने, तिला कोण विचारतो?

साहेबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तपासणीच्या आधी गवगवा नको. मुलगी नवी आहे, घाबरून काढलं असेल, माफीनामा लिहून देऊ दे, ती मंडळी तक्रार मागे घेतील. नाही दिला तर तिच्यावर ठपका ठेवणारा कसुरी अहवाल पाठवा. मी निरोप तिच्यापर्यंत पोचवला. ती म्हणाली, "सर, कसुरी पाठवा. माफीनामा मी लिहिणार नाही." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मला तेव्हाच ठरवून टाकावंसं वाटलं की हिच्या मागे उभं राहायचं, पण पोलिसाने आवाजावर ठरवू नये. रडणारेही खोटं बोलतात आणि न रडणारेही.

दोन दिवसांनी एक गृहस्थ मला भेटायला आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. वधूचे मामा, येवल्याकडचे, एसटीत ड्रायव्हर होते. दार लोटून घेऊन बसले.

"साहेब, त्या बाईंनी काय नाय केलं. त्या गेल्यावर डीजे परत लावला ना या लोकांनी. ह्यो पठ्ठ्या डीजेच्या गाडीवर चढून नाचत होता. तिथून पडला. मी समोर उभा हाय."

मी जबाबाचा विषय काढला तसे ते उठायलाच लागले.

"तेवढं नका सांगू. आमची पोरगी त्या घरात नांदायची हाय. माझं नाव आलं तर तिला रोज ऐकवतील."

"मग आलात कशाला?"

"माझी पोरगी पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जाती, साहेब. तिच्याकडं बघवंना."

मी त्यांना चहा पाजला आणि नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला. तो आजवर पाळला आहे. खबर मिळाली होती, पण ती वापरता येत नव्हती. खरं काय ते कळलं होतं आणि आता ते दुसऱ्या वाटेने सिद्ध करायचं होतं. तपासात ही वेळ वारंवार येते, आणि आळशी अधिकारी इथेच दंडुका शोधतो.

मी पुतण्याला पुन्हा जबाबासाठी बोलावलं. त्याच्यावर आवाज चढवला नाही. उलट खुर्ची दिली, पाणी दिलं. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये. त्याला सविस्तर बोलू द्यावं, कारण खोटं थोडक्यात सांगितलं तरच टिकतं. मी म्हटलं, "मला नीट समजलेलं नाही. मॅडमनी पिस्तूल कसं काढलं, उभं राहून दाखव."

तो उभा राहिला. गडी रंगात आला. डाव्या हाताने हवेतली कॉलर धरली, उजवा हात कमरेला गेला आणि चुटकीसरशी वर आला.

"असं. एका झटक्यात."

"आणि कॉलर कधी सोडली?"

"सोडली कुठे? शेवटपर्यंत धरून होत्या."

"पिस्तूल परत ठेवलं तेव्हाही?"

"हो. ठेवलं सट्टकन आणि मग मला ढकललं."

त्याचा उजवा हात कमरेवरून वर गेला तेव्हा माझा हात नकळत माझ्या कमरेवर गेला. दुधाच्या पिशव्यांआधीचं माझं होल्स्टर आठवलं, त्याच्याशी केलेली झोंबाझोंबी आठवली. तिने आदेश पाळला होता हे मला माहीत होतं, कारण आमचे सहायक निरीक्षक तिला त्यावरून चिडवायचे. म्हणायचे, मॅडमचं होल्स्टर अजून माहेरचं आहे, वळण लागायचंय. मी जबाब शब्दशः लिहून घेतला, त्याला वाचून दाखवला, सही घेतली. मग पाचही साक्षीदारांना एकेकटं बोलावलं. पाचही जणांनी कॉलर शेवटपर्यंत धरून ठेवली. पाठांतर चांगलं असण्याचा हा तोटा.

साहेबांच्या दालनात तडजोडीची बैठक ठरली. काका आणि पुतण्या सोफ्यावर चहा घेत होते. मुलीला उभं ठेवलं होतं. टेबलावर माफीनाम्यासाठी कोरा कागद आणि पेनसुद्धा होतं. मी शस्त्रागारातला हवालदार, दोन्ही पंच आणि सीलबंद पाकिटं घेऊन गेलो. पंचांना सील दाखवलं, सह्या ओळखायला लावल्या, मग उघडलं. हवालदाराने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून होल्स्टरमध्ये बसवलं. बसवताना तोही फुरफुरला.

मी म्हटलं, "साहेब, तक्रारदाराच्या सहीच्या जबाबाप्रमाणे एका हातात कॉलर होती. पिस्तूल दुसऱ्या हाताने, एका झटक्यात निघालं. आपण एकदा काढून बघावं."

साहेबांना नकार देता आला नाही. दागिना त्यांचाच होता. त्यांनी पट्टा बांधला, ऐटीत उभे राहिले आणि ओढलं. पिस्तूल जागचं हललं नाही. पट्टा बरगडीपर्यंत वर आला, शर्ट पँटमधून बाहेर आला. त्यांनी पुन्हा ओढलं. दुसऱ्यांदा त्यांचा डावा हात आपसूक होल्स्टरकडे गेला. मी म्हटलं, "तो हात कॉलरवर आहे, साहेब."

खोलीत कोणी हसलं नाही. हे मी आमच्या खात्याच्या शिस्तीच्या बाजूने नोंदवतो.

काका म्हणाले, त्या दिवशी सैल असेल, नंतर घट्ट केलं असेल. शस्त्रागारातल्या हवालदाराने उत्तर दिलं, "दादा, चामडं वापराने सैल होत जातं. सैल झालेलं परत घट्ट होत नाही. आणि हे तर त्याच संध्याकाळपासून सीलमध्ये आहे, तुमच्या माणसाची सही आहे त्यावर."

पुतण्याने काकांकडे बघितलं. काकांनी चहाकडे बघितलं. मी पुतण्याला एवढंच विचारलं, की हात कुठून पडून मोडला? तो प्लास्टरकडे बघत म्हणाला, "गाडीवरून. डीजेच्या. काका म्हणाले तसं सांगितलं."

मंडळी तक्रार मागे घेऊन निघून गेली. मुलीलाही बाहेर जायला सांगितलं. साहेबांनी शर्ट खोचला आणि म्हणाले, "संपलं. तक्रार मागे घेतली एवढं लिहा. होल्स्टरचा विषय कागदावर नको."

"तेवढंच लिहिलं तर लोक समजतील तिने माफी मागितली. तिच्या सेवापुस्तकात ते कायम चिकटेल. तक्रार खोटी होती आणि का खोटी होती, दोन्ही लिहिणार आहे."

"म्हणजे मी वाटलेलं होल्स्टर निकामी आहे असं तुम्ही लिहिणार?"

"निकामी नाही साहेब, नवं आहे. वळणावर आणू दिलं असतं तर चाललं असतं."

"मग तिला आणायला काय झालं होतं?"

"आपला आदेश होता."

त्यांनी आवाज खाली आणून मला माझ्या उरलेल्या नोकरीची, चांगल्या नेमणुकीची आठवण करून दिली. मी म्हणालो, "साहेब, तिने पिस्तूल काढलं नव्हतं म्हणून आज हे होल्स्टर तिच्या कामी आलं. उद्या कोणाला खरंच काढावं लागलं तर? ते मला लिहावंच लागेल." सलाम केला आणि बाहेर आलो.

अहवाल लिहिला. एकही विशेषण वापरलं नाही. होल्स्टरमधून पिस्तूल एका हाताने निघत नाही, वरिष्ठांनी स्वतः प्रयत्न करून खात्री केली आहे, हे वाक्य मात्र ठेवलं. साहेबांचं नाव सन्मानपूर्वक घातलं. महिनाभरात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथे खुर्ची बरी होती आणि वाचायला वेळ मिळाला. मी बदलीविरुद्ध अर्ज केला नाही. त्या अहवालातला एकही शब्द आज पुन्हा लिहायला बसवलं तरी बदलणार नाही. ती मुलगी सेवेत कायम झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं माझ्या व्याख्यानांत विचारतात. माणसं काय सांगतात ते ऐकावं, पण ती ज्या वस्तूबद्दल सांगतात ती एकदा हातात घेऊन बघावी. वस्तूला कोणी काका नसतात. आणि वरिष्ठाला आवडेल असा अहवाल लिहिणं ही सवय आहे, कर्तव्य नाही. ती पहिल्याच वेळी मोडावी. नंतर मोडत नाही.

तपासणी आटोपल्यावर साहेबांच्याच सहीचं परिपत्रक निघालं, 'चर्म-होल्स्टर अनुकूलनाबाबत मार्गदर्शक सूचना'. दुधाच्या पिशवीला त्यात 'योग्य जाडीचे प्लास्टिक आवरण' म्हटलं होतं. त्याच दिवशी ती नियंत्रण कक्षात आली. हातात परिपत्रक, होल्स्टर, रिकामं पिस्तूल आणि धुतलेली दुधाची पिशवी. म्हणाली, "सर, आता लेखी आदेश आलाय. कसं करायचं दाखवा." मी पिशवी गुंडाळून दिली. तिने पिस्तूल दोन्ही हातांनी आत दाबलं.

"किती दिवस लागतील, सर?"

मी म्हटलं, "चामड्याला आठवडा पुरे. साहेबांना जरा जास्त लागले."