हट्टीबाईची शेळी

प्रयोगशाळेत तिला सगळे हट्टीबाई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. लहानपणी जिन्यावरून पडून तिच्या नडगीचा तुकडा उडाला, तेव्हा डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरला. नडगी जुळली, कंबर मात्र अजून ठणकते. हे कसलं रफू, एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं! त्या रागातच ती शिकली.

आता ती स्पंज सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवून भट्टीत भाजायची. स्पंज जळून जातो, मागे जाळीदार ठोकळा उरतो. त्यावर कोलॅजेन या प्रथिनाचा थर देऊन तो हाडाच्या खिंडारात बसवायचा, म्हणजे हाडाच्या पेशी आत येऊन तग धरतात. नवं हाड वाढलं की ठोकळा हळूहळू विरघळतो.

"एवढी शिकलीस ती भोकं पाडायला?" आई म्हणायची.

"भिंती काय, कुणीही बांधेल," ही म्हणायची.

संचालकांना मात्र हे पटेना. त्यांनी एक ठोकळा चिमटीत दाबला, तर त्याचा चुरा झाला. "हा पाय पेलणार? भोकं बुजवा, बाई."

"मग हाड शिरणार कुठून? पायात नुसता दगड बसेल. भार पेलायला धातूची पट्टी आहे ना बाहेरून!"

"दगडच बरा. नाहीतर उद्या ती शेळी मारून पाय कापून बघू आणि प्रकल्प बंद करू."

ती शेळी म्हणजे हिच्या ठोकळ्याची पहिली मानकरी. तिच्या मागच्या पायात तो बसवला होता, वर धातूची पट्टी. बिचारी अजून तीन पायांवरच उड्या मारायची. आत्ताच पाय कापला तर अर्धवट हाडच दिसणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. सकाळी हट्टीबाई गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसली.

"आधी मला ओलांडा."

संचालकांनी कपाळाला हात लावला. "ठरलेली मुदत घ्या. मग एक शब्द ऐकणार नाही."

मुदत भरली. एक्स-रेत जाळीच्या जागी पांढरं हाड दिसत होतं. पट्टी काढली, जखम भरली, शेळी चारी पाय टेकून उभी राहिली. तरी साहेबांची खात्री पटेना. ते वाकून पाय चाचपायला गेले आणि शेळीने त्याच पायाची अशी लाथ झाडली, की साहेब थेट भुशात.

"अहो, हाड मोडलं असतं माझं!"

"भरून दिलं असतं, सर. तुमच्या कमरेला हात न लावता."

साहेब भुसा झटकत उठले. तिचा हात नेहमीसारखा स्वतःच्या कमरेवर होता. तिकडे त्यांचं लक्ष आज पहिल्यांदा गेलं.

"प्रकल्प चालू ठेवा," ते म्हणाले. मग तिच्या कमरेकडे बघत, "दुखते अजून?"

"दुखते तर! म्हणून तर बंद करू देणार नव्हते."