सुदामभाऊंच्या गोळ्या आणि माझा एरर

"कोटिंग पातळ आलंय. सुदामला मेमो द्या," साहेब म्हणाले आणि माझ्याच मशीनचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

वाळूजच्या एका औषध कंपनीत मी केमिस्ट होते. अख्ख्या लॅबमध्ये बाई मी एकटीच. सोयगावहून आलेली, बजाजनगरात खोली करून राहणारी. वाईट कुणी वागायचं नाही. फक्त मी कॅन्टीनमध्ये बसले की शेजारच्या गप्पा थांबायच्या. फार एकटं वाटायचं. नवं एनआयआर मशीन आलं तेव्हा मी त्याच्याशीच संसार थाटला म्हणा ना!

हे मशीन गोळीवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून वरचं कोटिंग किती जाड ते सांगतं. गोळी फोडावी लागत नाही. पण आधी त्याला नमुने दाखवून शिकवावं लागतं. मशीनचा अंदाज आणि खरं माप यांतला फरक म्हणजे प्रेडिक्शन एरर. माझा इतका कमी आला होता की साहेबांनी हेड ऑफिसला फोन करून कळवलं.

सुदामभाऊ गोळ्यांवर कोटिंगचा फवारा मारणाऱ्या पॅनचे ऑपरेटर. दोन मेमो आधीच झालेले. तिसरा म्हणजे घरी.

"नामांतराच्या मोर्चात सगळं लक्ष. गोळ्यांत कुठलं असणार?" साहेब म्हणाले.

मी सुदामभाऊंना गाठलं.

"नाय हो मॅडम, फवारा पुरा मारला. मंग मोर्च्यापायी सारं शहर बंद झालं. तीन दिवस बसच नाय आली. गोळ्या ट्रेमधी तशाच उघड्या पडल्या."

उघड्या, म्हणजे ओल धरलेल्या. मी मशीनला ताज्या, कोरड्या गोळ्यांवर शिकवलं होतं. जाड कोटिंगखालची ओल कमी दिसते, म्हणून जास्त ओल दिसली की ते पातळ कोटिंग समजत होतं. आणि ज्या ड्रममधल्या गोळ्यांवर शिकवलं, एररही मी त्याच ड्रममधल्या गोळ्यांवर काढला होता. शिकवलेलीच गणितं पेपरात घालून पोर हुशार ठरवलं होतं.

वीस गोळ्या कापून मायक्रोस्कोपखाली मोजल्या. कोटिंग पुरेपूर. हे कोटिंग पोटात टिकून पुढे आतड्यात विरघळायला हवं, म्हणून सहा गोळ्या पोटातल्यासारख्या आम्लात दोन तास ठेवल्या. एकही फुटली नाही.

"म्हणजे तुमचा एरर चुकीचा?" साहेबांनी विचारलं.

"हो सर. लिहून देते."

"हेड ऑफिसला काय सांगू?"

"मी चुकले म्हणून सांगा."

मेमो रद्द झाला. मशीन दुसऱ्याकडे गेलं. मला कोपऱ्यातल्या टेबलावर ब्युरेट भरायला बसवलं. आता गप्पा थांबायला कारणही होतं.

आठवड्याभराने कॅन्टीनमध्ये माझ्या समोर एक ताट आलं. सुदामभाऊ होते.

"त्या मशीननं घरीच धाडलं असतं मला. तुमच्यामुळं राह्यलो. लई उपकार झाले."

त्या मशीनला शिकवणारी मीच, हे ओठांवर आलं होतं. पण माझ्या टेबलावर बसलेला तो पहिला माणूस होता.

"जेवा," मी म्हणाले.

एरर कमी आहे असं कुणी सांगितलं की मी आता एवढंच विचारते, कुठल्या गोळ्यांवर काढला? सुदामभाऊंनी मला असलं काही कधी विचारलं नाही. रिटायर होईपर्यंत ते माझ्याच टेबलावर जेवले, आणि मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.